दम्याचा दाखला

रविवारी लाँड्रीत कामगार नसत, घरचे असत. हॉस्पिटलच्या चादरी संध्याकाळच्या गाडीला गेल्याच पाहिजेत आणि कामगारांना आठवड्याची सुट्टीही दिलीच पाहिजे, या पेचातून अण्णांनी फार वर्षांपूर्वी हा नियम काढला होता, की रविवारची घडी घरच्यांनी घालायची. त्यात त्यांची आणखी एक सोय झाली. मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोघांनी समोरासमोर उभं राहून टोकं धरायची, ताणायची, जवळ यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा लांब व्हायचं. चादर हातात असली की माणसाला बोलणं अर्धवट टाकून उठून जाता येत नाही, असं अण्णा म्हणत, आणि म्हणून घरातली भांडणं रविवारपर्यंत राखून ठेवली जात. थोरल्याने लाँड्री बघायची आणि धाकट्याने डॉक्टर व्हायचं, हेही अशाच एका रविवारी ठरलं होतं. थोरल्याला तेव्हा कोणी काही विचारलं नव्हतं, पण चादरीचं टोक त्याच्याही हातात होतं.

या रविवारी डॉक्टरही आले होते. दवाखाना वाढल्यापासून त्यांनी चादरीला हात लावणं सोडलं होतं. आज अण्णांनी स्वतः फोन करून बोलावलं, म्हणून बायकोला घेऊन ते आले आणि बाह्या न सरसावता भिंतीशी उभे राहिले.

थोरली सून, म्हणजे भिंगरीची आई, टेबलापाशी उशांचे अभ्रे सरळ करत होती आणि तिचं डोकं मागच्या बॉयलरपेक्षा जास्त तापलेलं होतं. राग दिरावर होता, सासऱ्यांवर होता, वेळेला तोंड न उघडणाऱ्या नवऱ्यावर तर रोजचाच होता. पण सगळ्यात जास्त राग पोटच्या पोरीवर होता. सैन्यभरतीचा अर्ज भरताना त्या पोरीने कोणाला न विचारता एका प्रश्नापुढे 'होय' लिहून टाकलं होतं. पूर्वी कधी नशेच्या सवयीसाठी उपचार घेतले आहेत का, असा तो प्रश्न होता.

"'नाही' लिहायला काय हात मोडला होता तुझा?" हे थोरलीने आठवडाभर इतक्या वेळा विचारलं होतं, की भिंगरीने उत्तर देणंच सोडलं होतं.

उपचार झाले होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. घराबाहेर कोणालाच नव्हतं. घराबाहेर भिंगरीला दमा होता.

दम्याची कल्पना थोरलीचीच. दोन वर्षांपूर्वी पोरगी कॉलेजच्या जिन्यात गोळ्यांच्या तारेत पडलेली सापडली, तिला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं ठरलं, आणि लोकांना काय सांगायचं हा प्रश्न पोरीपेक्षा मोठा होऊन बसला. थोरलीने उभ्या उभ्या दमा शोधून काढला. दमा हा सभ्य आजार. दम्यात माणूस पडतं, खंगतं, हवापालटाला महिनोन्‌महिने जाऊन राहतं, आणि कोणी नाक मुरडत नाही. डॉक्टरांनी कॉलेजला तसा दाखला दिला, तीव्र दमा, दीर्घ उपचार, आणि पोरीचं वर्ष वाचलं. ती परत आल्यावर थोरलीने तिच्या पर्समध्ये दम्याचा पंपही ठेवला. पुढे भरतीचं खूळ डोक्यात घेऊन भिंगरी सकाळी धावायला जायला लागली, तेव्हा थोरली रोज बजावायची, "गल्ली संपेपर्यंत चालत जा, मग काय उधळायचं ते उधळ." दम्याचं माणूस असं धावताना शेजारणीला दिसलं असतं, तर पंचाईत झाली असती.

आता पंचाईत झालीच होती, आणि चांगली सरकारी पंचाईत झाली होती. भिंगरी धावण्यात पास झाली, लेखी परीक्षेत पास झाली, आणि भरती कार्यालयाने कॉलेजकडून तिची माहिती मागवली. कॉलेजने इमानेइतबारे दाखल्याची प्रत पाठवून दिली. अर्जात नशेचा उपचार, दम्याचं नाव नाही. कॉलेजात दमा, नशेचं नाव नाही. तिथल्या अधिकारी बाईंनी भिंगरीला समोर बसवून सांगितलं, की दमा असेल तर विषय संपला, परत यायचंही कारण नाही. उपचाराचं म्हणाल तर ते सैन्याच्या डॉक्टरांच्या मंडळापुढे जाईल, ते तपासतील, घेतील किंवा घेणार नाहीत. पण दाखला खोटा होता, हे आधी दाखला देणाऱ्याने लिहून द्यायचं, आणि ते सोमवारी.

"म्हणजे उद्याच," अण्णा खुर्चीतून म्हणाले. गुडघ्यांमुळे ते हल्ली घडीला उभे राहत नसत, पण कोणी कोणासमोर उभं राहायचं हे अजून तेच सांगत. "भिंगरे, तू आणि तुझा काका. धरा ती चादर आणि बोला काय ते."

डॉक्टरांनी नाइलाजाने टोकं हातात घेतली.

"काका, दोन ओळी लिहायच्यात फक्त," भिंगरी म्हणाली. "मला दमा नव्हता, एवढंच."

"एवढंच! एवढंच लिहिलं की माझं लायसन्स गेलं. खोटा दाखला म्हणजे गंमत वाटते का गं तुला? चौकशी लागेल, दवाखान्याला कुलूप लागेल. आणि या हॉस्पिटलच्या चादरी हल्ली इथे कोणाच्या शब्दावर येतात? माझ्या. त्याही बंद होतील. मग तुझा बाप काय धुणार?"

भिंगरीच्या बापाने, म्हणजे थोरल्याने, घसा खाकरला. "मी जरा बॉयलर बघून येतो," तो म्हणाला. घरात आवाज चढला की त्याला हटकून बॉयलरची आठवण होई.

"कुठे निघालात?" थोरली खेकसली. "तो बॉयलर पळून जात नाही कुठे. उभे राहा इथेच."

तो उभा राहिला.

"यातून मार्ग आहे," डॉक्टर मवाळ आवाजात म्हणाले. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचा तो आवाज थोरलीला चांगला ओळखीचा होता. "मी नवा दाखला देतो. दमा होता, आता पूर्ण बरा आहे. आणि हिने तिथे जाऊन सांगायचं, की ते 'होय' घाईत चुकून लिहिलं गेलं. संपलं."

"हे बरं आहे," अण्णा म्हणाले.

खरं सांगायचं तर थोरलीलाही क्षणभर ते बरं वाटलं. दोन वर्षं निभावलेला दमा असा सुखासुखी बरा होऊन गेला, तर कोणाला नको होता! पण भिंगरीने चादर अशी खसकन ताणली, की डॉक्टर एक पाऊल पुढे आले.

"दोन वर्षांपूर्वी तुम्हीच 'तीव्र' लिहिलंय, काका. तीव्र दमा असा बरा झाला म्हणून कोण मानणार? दमा म्हटलं की मी घरी. आणि मी चुकून नाही लिहिलं. समजून लिहिलं."

"मग जाऊ दे ती भरती!" अण्णांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "कोणी आवतण दिलं होतं? घरचा धंदा आहे, एवढं मोठं रोलर मशीन आहे, ते सांभाळ. तुझ्या आईने सांभाळलं, तुझ्या आजीने सांभाळलं."

रोलरचं नाव निघालं आणि सगळ्यांचे डोळे भिंगरीच्या उजव्या हाताकडे गेले. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी तिथे चकचकीत आणि ताणलेली होती. ओल्या चादरी वाळवून इस्त्री करणाऱ्या त्या तापलेल्या रोलरने हात धरला होता, तेव्हा ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. उपचार काकांनीच केले, मलम, पट्ट्या आणि दुखणं मारायच्या गोळ्या. जखम भरली तरी गोळ्या येत राहिल्या. पोरगी दुखतंय म्हणायची, आणि दवाखान्यात कंपन्यांनी फुकट दिलेल्या गोळ्यांचे खोके पडलेलेच असायचे. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कोणी बोलत नसे.

"आजोबा," भिंगरी म्हणाली, "त्या मशीनजवळ नुसती उभी राहिले तरी माझा हात दुखतो. बरा झालेला हात दुखतो. आणि हात दुखला की मला काय हवं होतं, तुम्हाला ठाऊक आहे. इथे राहिले तर एक दिवस मी पुन्हा ते शोधायला जाईन. मला इथून लांब, जिथे सकाळी कोणीतरी ओरडून उठवतं आणि संध्याकाळपर्यंत अंगात जीव राहत नाही, अशा जागी जायचंय. धावताना मला त्या गोळ्या आठवत नाहीत. बाकी सगळा वेळ आठवतात."

थोरलीच्या हातातला अभ्रा उलटाच राहिला. बाकी सगळा वेळ, हे तिला माहीत नव्हतं.

"भाषण छान आहे," डॉक्टर म्हणाले, "पण माझ्या पोटावर पाय देऊन नको. वहिनी, तुम्ही का गप्प? दाखला मागायला तुम्हीच आला होतात ना? हात जोडून, रडत? तेव्हा माझे उपकार वाटले. आता आवरा पोरीला."

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. तिने अभ्रे टेबलावर आपटले.

"आले होते. हात जोडून आले होते, भाऊजी, आणि तुम्ही एका शब्दाने नाही म्हणाला नाहीत. मला वाटलं, केवढा जीव लावतो हा माणूस माझ्या पोरीला! स्वतःचं लायसन्स पणाला लावतो! मूर्ख होते मी. दाखल्यावर दमा लिहिला, की गोळ्या कुठून आल्या हे कोणी विचारणार नव्हतं. मी माझी अब्रू झाकत होते आणि तुम्ही तुमची कातडी."

"तोंड सांभाळा, वहिनी."

"नाही सांभाळत! दोन वर्षं सांभाळलं. हात बरा झाला होता तिचा, मी रोज पट्टी सोडून बघत होते. तरी तुम्ही गोळ्या देत राहिलात. का, तर कटकट नको! आली, पुडी घेतली, गेली. तपासलंत तरी का एकदा? परक्या पेशंटला असं केलं असतंत?"

"थोरले!" अण्णा गरजले.

"तुम्ही मध्ये बोलू नका, अण्णा." हे वाक्य आपल्या तोंडून गेलं याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं, पण मागे घ्यायची मुळीच इच्छा झाली नाही.

"आई, नको." भिंगरीचा आवाज एकदम खाली आला. "मी ते अर्जात लिहिलेलं नाही."

"काय नाही लिहिलंस?"

"गोळ्यांची सुरुवात कुठून झाली ते. विचारलं होतं. मी लिहिलं, बाजारात एका माणसाकडून. शेवटी शेवटी तिथूनच घ्यायचे, ते खोटं नाही. पण आधीचं गाळलं. काकांचं नाव नाही घेतलं."

"बरं केलंस," डॉक्टर म्हणाले.

इतक्या झटपट म्हणाले, की ते म्हणून झाल्यावर त्यांनाही ते ऐकू आलं असावं. पोरीच्या पाठीवरून हात फिरवला नाही, एवढीशी लाज वाटली नाही, नुसतं बरं केलंस. इतका वेळ कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालत असलेली त्यांची बायको, थोरलीची जाऊ, हातातलं काम थांबवून नवऱ्याकडे बघत राहिली.

थोरलीचा राग मात्र गर्रकन फिरून लेकीवर आला. "म्हणजे तूसुद्धा खोटं लिहिलंस? सुरुवातीला मला ऐकवत होतीस, मी खरं लिहिलं, मी खरं लिहिलं! माझ्यासारखीच निघालीस की!"

"तुझीच मुलगी आहे, वेगळी कुठून निघणार?" भिंगरीही तडकली. मग काकांकडे वळली. "काका, तुमच्या बाजूचं टोक इतके दिवस मी एकटीने धरलं. आता तुम्ही दाखल्याचं लिहून द्या. मी गाळलंय ते गाळलेलंच ठेवते."

"काही गाळायचं नाही!" थोरली ओरडली. "पुन्हा देवघेव नको. एक झाकायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. उद्या जायचं आणि सगळं सांगायचं. दाखला मी मागितला हेही सांगायचं. ते मी सांगेन, मी येते."

"म्हणजे ही धमकी झाली," डॉक्टर म्हणाले. "घरच्या माणसांनी, बापाच्या समोर. ठीक आहे. करा काय करायचं ते. मी एक अक्षर लिहिणार नाही."

आणि त्यांनी टोकं सोडून दिली. चादर जमिनीवर पडली. रविवारच्या घडीत चादर जमिनीला लागलेली थोरलीने लग्न होऊन आल्यापासून पाहिली नव्हती. अण्णांचंही तोंड उघडं राहिलं.

"उचल ती," थोरला म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं, कारण हा आवाज या घरात फारसा ऐकू येत नसे.

"उचल म्हणतो ना. माझ्या पोरीच्या हातातली चादर टाकलीस तू. उचल."

डॉक्टरांनी भावाकडे बघितलं, चादरीकडे बघितलं, खिशातली किल्ली काढली आणि बायकोला म्हणाले, "चल."

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली.

"काय?"

"व्हा पुढे. मी घडी घालून येते." ती थोरलीजवळ येऊन उभी राहिली. दवाखान्यात औषधं देण्याचं काम तिचंच होतं. "ताई, पुड्या मी बांधायचे. एकदा विचारलं होतं मी यांना, अजून कशाला? तर म्हणाले, घरचीच आहे, दे. मी दिल्या. मला कळत होतं आणि मी दिल्या. उद्या मीही येते तुमच्याबरोबर."

"तुला समजतंय का काय बोलतेस? आपला दवाखाना आहे तो!"

"समजतंय हो. कुलूप लागलं तर माझ्याही संसाराला लागेल. पण ती तुमचं नाव झाकून बसली, आणि तुम्ही म्हणालात बरं केलंस." तिचा आवाज फुटला, तशी ती रागावून स्वतःवरच ओरडली, "माझ्या नाही हो तोंडातून निघालं असतं ते!"

डॉक्टर गेले. बाहेर गाडीचं दार इतक्या जोरात आपटलं, की खिडकीची काच थरथरली.

अण्णांनी जमिनीवरच्या चादरीवरची नजर उचलली. मग थोरलीला म्हणाले, "या घरात एक मुलगा डॉक्टर झाला. तो बघवला नाही तुला."

"मला माझी मुलगी बघवत नाहीये, अण्णा. दोन वर्षं तिच्याकडे नीट बघितलंच नाही मी, तुमच्या डॉक्टरचं काय घेऊन बसलात?"

अण्णांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि नातीला विचारलं, "भिंगरे, एवढी राखरांगोळी करून घेणार आहेत का तुला तिथे?"

"बहुतेक नाही," भिंगरी म्हणाली.

थोरलीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हणालीस?"

"बाईंनी स्पष्ट सांगितलं. उपचार झालेल्यांतून फार थोडे घेतात. माझा नंबर लागेल असं मला वाटत नाही."

"अगं मग कशासाठी?" थोरली अक्षरशः किंचाळली. "काका गेला, काकूच्या संसाराची वाट लागली, उद्या हा धंदा बसेल! नाही लिहिलं असतंस तर कोणाला कळणार होतं? कशासाठी लिहिलंस ते मेलं 'होय'?"

"कारण त्यांनी विचारलं!"

भिंगरी इतक्या मोठ्याने ओरडली, की काकूच्या हातातला टॉवेल गळला.

"त्यांनी मला विचारलं, आई. घरात कोणी विचारलंच नाही कधी. मी केंद्रातून परत आले, तर तू दारातच मला पढवलंस, अमक्याला काय सांगायचं, तमकीला काय सांगायचं. हातात पंप दिलास. मला काय झालं होतं, असं नाही विचारलंस. काकांनी नाही, आजोबांनी नाही. बाबा बॉयलर बघायला गेले. मी वाट बघत होते. जेवताना वाट बघायचे, की आता कोणीतरी विचारेल. तुम्ही सगळे माझ्याशी दम्याबद्दल बोलायचात! घरातल्या घरात! आज धाप लागली का म्हणून आजोबा विचारायचे, आणि त्यांना ठाऊक होतं दमा नाही! मग त्या कागदावर पहिल्यांदा कोणीतरी विचारलं. मला 'नाही' लिहिता येईना. हात चालेना."

थोरलीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तुझ्याचसाठी केलं सगळं, तुझ्या भल्यासाठी. हे वाक्य ती दोन वर्षं नवऱ्याला, जावेला, आरशालाही सांगत आली होती. ते तोंडाशी आलं आणि तिला त्याची शिसारी आली. तिने ते गिळलं.

धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर ती मटकन बसली. सगळे उभेच होते. थोरल्याने बॉयलरच्या दिशेने एकदाही बघितलं नाही.

"काय झालं होतं?" तिने विचारलं.

"आत्ता विचारतेस?"

"आत्ता."

"तुला आवडणार नाही."

"नको आवडू दे. सांग."

भिंगरीने एकदा सगळ्यांकडे बघून घेतलं. मग तिने सांगायला सुरुवात केली, उभ्यानेच, आवाज जराही खाली न आणता, भांडणातलंच पुढचं वाक्य असल्यासारखं. "त्या दिवशी मला ताप होता. मी म्हणाले होते, आज मी रोलरवर उभी राहत नाही. आई, तू म्हणालीस, नाटकं करू नकोस."

तिथून पुढे तिच्या सांगण्यात दर दोन वाक्यांनी आई येत राहिली. थोरलीने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.